नावाआधीचे एकोणीस सेकंद

गुरुवारी दुपारी रजत लॅपटॉप छातीशी धरून माझ्या घरासमोरच्या छपरीत आला, तेव्हा तिथं सात मुलं सतराचा पाढा म्हणत बसली होती. त्याला पाहून पाढा एकशे दोनवर थांबला.

"बहनजी, झालं तयार. ज्योत्स्नाचं लगन," तो म्हणाला.

मुलं लगेच लॅपटॉपभोवती गोळा झाली. मीही चष्मा पुसून पुढं सरकले. पाढा काय, उद्याही म्हणता येतो.

मी एकतीस वर्षं मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका प्राथमिक शाळेत शिकवलं. आमच्याकडे मास्तरणीला बहनजी म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत माझं तेच नाव आहे, आणि दुपारी गल्लीतली मुलं पाटी घेऊन येतात, म्हणून ते शोभूनही दिसतं. रजत माझा तिसरीतला विद्यार्थी. आता तो सव्वीस वर्षांचा आहे आणि बस स्टँडजवळच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापायचं, जोडायचं आणि सजवायचं काम करतो. ज्योत्स्ना त्याच्याच वर्गातली.

ज्योत्स्ना बोलताना अडखळते. लहानपणापासूनच. प्रार्थनेत किंवा कवितेत, चाळीस मुलांच्या आवाजात आवाज मिसळला, की तिचा एक शब्दही अडत नाही. एकटीवर बोलायची वेळ आली की मात्र काही शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन उभे राहतात. सगळ्यांत जास्त अडतं ते तिचं स्वतःचं नाव. शाळा तपासायला साहेब आले आणि एकेकाला उठवून नाव विचारू लागले, की ज्योत्स्नाचा नंबर येईपर्यंत माझ्याच हाताला घाम सुटायचा.

त्या वर्गात मी एक नियम केला होता. कोणाचा शब्द अडला, तर दुसऱ्यानं तो पुरवायचा नाही. हसायचं नाही, खिडकीबाहेर पाहायचं नाही. ज्याचा शब्द आहे त्याला तो काढू द्यायचा, आणि तोवर आपण थांबायचं. पहिले दोन महिने मुलांना फार जड गेलं. चांगल्या मनाच्या मुलांना जास्त जड, कारण त्यांना मदत करायची घाई असते. पण शिकली. चाळीसच्या चाळीस मुलं थांबायला शिकली.

तो नियम पुढं मीच मोडला.

ज्योत्स्नाचं लग्न फेब्रुवारीत झालं. तिचे वडील डोमाजी भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले. घर बौद्ध. लग्न मंगल भवनात, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर, पांढऱ्या कपड्यांत. अशा लग्नात नवरा आणि नवरी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा घेतात. लग्न लावणारे एकेक वाक्य सांगतात आणि ते दोघं मागून म्हणतात. ज्योत्स्नालाही तसंच सोपं गेलं असतं. पण तिनं ठरवलं होतं, की आपली प्रतिज्ञा आपण एकटीनं, पाठ म्हणायची.

"काहून एवढा हट्ट, लेकी?" मी तिला विचारलं होतं.

"मागून म्हटलं तं ते सांगणाऱ्याचं झालं, बहनजी. माह्यं कुठं झालं?"

दोन महिने ती रक्त तपासायच्या लॅबमधलं आपलं काम संपवून माझ्या छपरीत येत होती. ती म्हणायची आणि मी ऐकायची. मुलंही ऐकायची. शेवटी शेवटी तर तिची प्रतिज्ञा माझ्या दुसरीतल्या मुलांनाही पाठ झाली होती.

लग्नाच्या दिवशी त्रिशरण आणि पंचशील सगळ्यांनी मिळून म्हटलं. त्यात तिचा आवाज स्वच्छ वाहत होता. मग नवरदेवानं प्रतिज्ञा म्हटली. लालबर्र्याचा महेंद्र, राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो. जाड मिशा, मोठा आवाज. मग माइक ज्योत्स्नाच्या हातात आला.

"मी," ती म्हणाली. आणि पुढं तिचं नाव होतं.

मी पहिल्या रांगेत उभी होते, हातात पाकळ्या. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. पंख्यांचा आवाज मोठा मोठा होत गेला. मग एकदम तिचं नाव ऐकू आलं, "ज्योत्स्ना डोमाजी गजभिये," आणि मी श्वास सोडला. पुढंही ती तीन-चार ठिकाणी थांबली, पण पुढं गेली. पूर्ण म्हटली. हार घातले, पाकळ्या पडल्या, जेवणं सुरू झाली.

मी जेवायला बसले नाही. रजत कोपऱ्यात वायर गुंडाळत होता, त्याला गाठलं.

"रजत, तिचं अडखळणं व्हिडिओत दिसू देऊ नको. लालबर्र्याचे लोक शंभर वेळा लावून पाहतील. लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"तुमी फिकर नका करू, बहनजी. कोणाले समजणार बी नाही."

तर त्या गुरुवारी त्यानं लॅपटॉप उघडला आणि प्रतिज्ञेचा भाग लावला.

खरंच कोणाला समजलं नसतं. "मी, ज्योत्स्ना डोमाजी गजभिये," आणि पुढची सगळी वाक्यं, एकामागून एक, पाण्यासारखी. खाली मंद गाणं. मग हार घालताना पाकळ्या इतक्या सावकाश खाली आल्या, की प्रत्येक पाकळी मोजावी. मुलांची तोंडं उघडीच राहिली.

"हे कसं केलं रे?" मी विचारलं. साठी उलटली तरी मला कोणाचं काम समजून घ्यायचा मोह आवरत नाही.

"क्लिपची चाल बदलली, बहनजी."

"नुसतं सांगू नको. पाटीवर काढून दाखव."

रजत हसला, पण एका मुलाची पाटी घेऊन मांडी घालून बसला. त्यानं एक आडवी रेघ काढली. "ही खरी चाल. जसं घडलं तसं, शंभर टक्के. रेघ वर गेली तं जलद, खाली आली तं हळू." मग रेघेला एक टेकडी काढली. "ज्योत्स्ना जिथं बोलते तिथं खरी चाल. जिथं थांबते तिथं चाल वाढवत वाढवत आठपट नेली, आन शब्द यायच्या जरा आधी पुन्हा उतरवली. एकदम वाढवली तं झटका बसते, पाहणाऱ्याले समजते. असा चढ-उतार दिला की डोळा फसते."

"आणि पाकळ्या?"

त्यानं रेघ खाली नेऊन खड्डा काढला. "तिथं पावपट. तो भाग कॅमेऱ्यात शेकंदाले शंभर चित्रं घेऊन काढलता, म्हणून हळू केलं तरी तुटत नाही. चित्रं कमी असली आन हळू केलं, तं माणूस लंगडत चालल्यावानी दिसते."

मला चटकन समजलं, कारण मुलं मोठ्यानं वाचतात तेव्हा हेच होतं. "म्हणजे सोपा शब्द आला की पळायचं, कठीण आला की दमानं जायचं. तसंच ना?"

"हौ. फक्त मी उलटं केलं. जिथं कठीण होतं, तिथंच पळवलं."

"भैया, आमचा पाढा बी असा पळवता येते का?" एकानं विचारलं.

"येते ना. पण बहनजी पळू देतीन का?"

राखी म्हणून सात वर्षांची एक मुलगी आहे. ती अजून स्क्रीनकडेच पाहत होती. "हे मागचे बाबा काहून कोंबडीवानी मान हलवून राह्यले?" ती म्हणाली.

मागं डोमाजी उभे होते. आठपट चालीत त्यांची मान टकटक हलत होती. मुलं खिदळली. रजतनं जीभ चावली. "ते राहून गेलं. चित्र जवळून घेतो, मग डोमाजी काका दिसणार नाही."

मी हो म्हटलं. रजतला मुरमुऱ्याचा चिवडा दिला. रविवारी ज्योत्स्नाच्या सासरी सगळे जमून व्हिडिओ पाहणार होते. आता काळजी नाही, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी फार खुशीत होते, हे कबूल करते.

शुक्रवारी राखी धडा वाचत होती. 'स्वच्छता' या शब्दापाशी अडली. बोट शब्दाखाली, ओठ पुढं, आणि आवाज नाही. शेजारची मुलगी भसकन म्हणाली, "स्वच्छता!"

मी बोट उचललं. "तिचा शब्द आहे. तिला काढू दे."

आणि हे बोलताच मला रजतला सांगितलेलं आठवलं. माझा चेहरा पाहून मुलांना वाटलं बहनजी रागावल्या. राखीनं मात्र माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं 'स्व' म्हटलं, मग 'च्छ' म्हटलं, मग पूर्ण शब्द म्हटला आणि पुढं वाचू लागली. शेजारणीनं सांगितलेला शब्द तिनं घेतलाच नव्हता.

मी मुलांना अर्धा तास आधी सोडलं. असं एकतीस वर्षांत चार-पाच वेळा झालं असेल. मुलं आरडत पळाली. मी चपला घातल्या आणि ऑटो पकडून स्टुडिओत गेले.

रजत कानांवर हेडफोन लावून बसला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रजत, ज्योत्स्नाची प्रतिज्ञा जशी होती तशी कर."

"काहून? काही गलत झालं का?"

"माझं गलत झालं. मूळ आहे ना तुझ्याकडे?"

"कॅमेऱ्याचं कार्ड तं कालच साफ केलं, बहनजी. उद्या दुसरं लगन आहे ना, भरवेलीले."

स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी निळ्या पडद्यासमोर एक स्टूल असतं. मी त्यावर बसले. दोन महिने रोज माझ्या छपरीत येऊन जमवलेलं तिचं बोलणं मी एका वाक्यात पुसायला सांगितलं होतं, आणि या मुलानं गुरूची आज्ञा म्हणून ते पुसलं होतं. आता तिला काय सांगणार?

रजतनं माझा चेहरा पाहिला आणि हेडफोन काढून उठला.

"अवो बहनजी! कार्ड साफ केलं, डिस्क नाही! सगळं डिस्कवर आहे. पाणी आणू का?"

"पण तू तर पळवलंस ते?"

"चाल बदलली म्हणून मूळ क्लिप बदलत नाही. मी कम्प्युटरले फक्त सांगून ठेवलं, की इथं पळ, इथं हळू हो. तो दाखवताना तसं दाखवते. क्लिप जागच्या जागी, पूर्ण. एक फोटो बी कमी नाही."

"म्हणजे पुस्तक तसंच आहे. वाचणाऱ्यानं घाई केली."

"हौ, असंच समजा."

मी पाणी प्याले. अख्खा ग्लास.

मग रजत जरा रुसला. त्याचं बरोबरच होतं. "तुमीच बोलल्या होत्या, बहनजी. मले चार दिवस लागले हे बसवाले. आमचे मालक धर्मेंद्र भैया तं बोलले, असं काम नागपुरात बी होत नाही."

"काम चांगलंच आहे तुझं. सांगणारीचं चुकलं."

"मग आताच ठीक करून टाकू? पाच मिनटाचं काम आहे."

"नाही. एकदा तिला न विचारता केलं. आता जे करायचं ते तिला विचारून."

"पण उद्या दुपारच्या आधी विचारा. डिस्क रिकामी करा लागते, नवीन लगन भराचं आहे."

ज्योत्स्नाला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरचा दिसत नसला की तिचे शब्द जास्त अडतात. म्हणून मी लिहून पाठवलं, की व्हिडिओबाबत माझ्या हातून एक चूक झाली आहे, उद्या सकाळी स्टुडिओत येशील तर समोर सांगते. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'दहा वाजता येतो आमी दोघं. तुमची तब्येत ठीक आहे ना?' हे वाचून मला आणखीच वाईट वाटलं.

शनिवारी दहाला दहा कमी असताना मोटरसायकल स्टुडिओसमोर थांबली. महेंद्रनं हेल्मेट काढून मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "जय भीम, बहनजी. ही रस्ताभर इचारून राह्यली, बहनजीले काय झालं, बहनजीले काय झालं. तुमी तं ठणठणीत दिसता."

मी ज्योत्स्नाला खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मी रजतला काय म्हटलं ते, जसंच्या तसं. घाबरून म्हटलं, हेही सांगितलं. सारवासारव केली नाही. मुलांकडून आपण जसं कबूल करून घेतो, तसं स्वतःही करता आलं पाहिजे.

 ती रजतकडे पाहून म्हणाली, "दाखव."

रजतनं गुळगुळीत प्रतिज्ञा लावली. ज्योत्स्ना पदराचं टोक बोटाला गुंडाळत पाहत राहिली. पाकळ्या सावकाश खाली आल्या तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. 

संपल्यावर महेंद्र म्हणाला, "ही कोन पोरगी आहे? एवढं पटापट बोलणारी मले तं नव्हती पाहिजे. घरात आमची माय एकटीच पुरे आहे."

ज्योत्स्नानं त्याला कोपर मारलं. पण हसली. मग माझ्याकडे वळली.

"खरं सांगू, बहनजी? तुमी आज बोलावलं नसतं तं मी हेच ठेवलं असतं." ती थांबली. आम्ही थांबलो. "मले तो व्हिडिओ पाहाचाच नव्हता. मले रोज आठवते ते. मी 'मी' म्हटलं आन पुढं काहीच नाही. दहा मिनटं झाली. लोक उठून जाऊन राह्यले. मागं कोणी तरी हसलं. असं रोज दिसते मले."

हे मला माहीत नव्हतं. डोमाजींनाही नसणार. लग्नाला तीन आठवडे झाले होते आणि मुलगी हसतमुखानं सासरी नांदत होती, आणि आत ही गोष्ट.

"मी तिले बोललो, की असं काही झालं नाही," महेंद्र म्हणाला. "पण ती म्हणते, तुमी मन राखाले बोलता."

"मग खरं पाहायचं की नाही, ते तू सांग," मी म्हटलं. "नको असेल तर हेच ठेवू. मी कोणाला कधी बोलणार नाही."

ज्योत्स्नानं पदर बोटावरून सोडवला. "लाव, रजत. खरंच लाव."

रजतनं चढ-उताराच्या सगळ्या खुणा काढल्या. टेकड्यांची रेघ सपाट झाली. खाली गाणं होतं, तेही बंद केलं. मग मूळ आवाज सुरू झाला.

"मी," पडद्यावरची ज्योत्स्ना म्हणाली.

आणि थांबली.

पंखे फिरत होते. कुठं तरी ताटं ठेवल्याचा आवाज आला. एक लहान मूल कुरकुरलं आणि त्याच्या आईनं त्याला खांद्यावर घेतलं. मागं डोमाजी उभे होते, मान अगदी स्थिर. आठपट चालीत जी मान टकटक हलत होती, ती खऱ्या चालीत नुसती सावकाश एकदा लेकीकडे वळली आणि तिथंच राहिली. लालबर्र्याकडच्या एका म्हाताऱ्या माणसानं मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही हात पुढं बांधले. महेंद्र तिच्याकडे पाहत होता. मिशांचा, दांडगा माणूस, पण असा उभा होता जसं कोणी झोपलेलं मूल त्याच्या हातात दिलंय. कोणी उठलं नाही. कोणी हसलं नाही. सगळं मंगल भवन नुसतं वाट पाहत होतं.

"ज्योत्स्ना डोमाजी गजभिये," पडद्यावरून आवाज आला.

रजतनं थांबवलं आणि खालचा आकडा वाचला. "एकोणीस शेकंद."

"किती?" ज्योत्स्नानं विचारलं.

"एकोणीस. वीस बी नाही."

"पुन्हा लाव."

त्यानं पुन्हा लावलं. ती आता बोटांवर मोजत होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिला हात झाला, दुसऱ्याची चार बोटं झाली, आणि नाव आलं.

"एवढंच?" ती म्हणाली.  "एवढंच होतं?"

"मी तीन हप्ते झाले, तेच बोलून राह्यलो," महेंद्र म्हणाला. "पण नवऱ्याची कोणाले किंमत! मशीन बोलली तं पटलं."

"कोणी उठलंच नाही."

"जेवण बाकी होतं. उठून जातीन कुठं?"

ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "पुन्हा लाव रे," तिनं रजतला सांगितलं. चौथ्या वेळी तर ती खुर्चीत मागं रेलून बसली, जसं कोणी दुसऱ्याचं लग्न पाहतंय. मी तिच्याकडे पाहत होते आणि मला कळत होतं, की तिच्या डोक्यात तीन आठवडे जे चाललं होतं, त्याची चाल रजतनं बदलली नव्हती. भीतीनं ते एकोणीस सेकंद ताणून दहा मिनिटांचे केले होते, आणि न उठलेली माणसंही त्यात उठून गेली होती. माझ्या डोक्यातही तेच झालं होतं. मी तर डोळेच मिटले होते.

"थांब! थांब!" ज्योत्स्ना एकदम ओरडली. "मागं घे. ह्या कोण? पहिल्या रांगेत?"

रजतनं चित्र मोठं केलं. पहिल्या रांगेत मी होते. मूठभर पाकळ्या छातीशी, डोळे घट्ट मिटलेले, आणि ओठ हलत होते. नीट दिसत होतं काय म्हणत होते ते. 'ज्यो, ज्यो, ज्यो.'

"बहनजी!" ज्योत्स्ना म्हणाली. "तुमी माह्यं नाव घेऊन राह्यल्या!"

"नियम मोडला!" रजत टाळी वाजवून म्हणाला. "बेंचवर उभं करा बहनजीले. आमाले करत होत्या."

"मी कोणाला कधी बेंचवर उभं केलं रे?"

"मले केलतं! मीच तं शब्द सांगितलता हिले, तिसरीत. 'बैलगाडी'."

मला ते आठवेना, पण रजतला अजून आठवत होतं, आणि ज्योत्स्नालाही. दोघं बैलगाडीवरून भांडू लागली. महेंद्र खो खो हसत होता. मीही हसले. 

मग कामाचं बोलणं झालं. ज्योत्स्नानं स्वतःच सांगितलं काय कुठं ठेवायचं ते. प्रतिज्ञा खऱ्या चालीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकाही ठिकाणी टेकडी नको.

"मग गाणं बसणार नाही," रजत म्हणाला. "गाणं तीन मिनटाचं आहे. हे चार मिनटांच्या वर गेलं."

"गाणं काढ."

"आन पाकळ्या?"

"पाकळ्या हळू राहू दे. पाकळ्या चांगल्या आहेत." ती विचार करून म्हणाली, "आन मामाजीचा नाच दहापट पळव."

"आमचे मामाजी?" महेंद्र म्हणाला.

"हौ. ते अर्धा घंटा नाचले."

"मग पंधरापट पळव, भाऊ," महेंद्र रजतला म्हणाला. "मी हौ म्हटलं, असं कोणाले सांगू नको."

रजतची बोटं भराभर चालत होती. दारातून त्याच्या मालकाचा, धर्मेंद्रचा आवाज आला. "डिस्क रिकामी झाली का रे?"

"दहा मिनटं, भैया. लगनाचं शेवटचं काम आहे."

प्रतिज्ञेचा मूळ भाग त्यानं आधी पेन ड्राइव्हवर घेतला, मग तपासला, मग ज्योत्स्नाच्या हातात ठेवला. तिनं तो पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली. मग फोन काढून आईला लिहिलं. मी शेजारीच बसले होते म्हणून दिसलं. 'आई, एकोणीस शेकंदच होते.' बाकी काही नाही. तिच्या आईला, रुख्माबाईंना, त्यातून काय समजलं असेल, देव जाणे. पण त्यांनी लगेच फोन केला, आणि ज्योत्स्नानं तो उचलला. दोन वेळा अडखळली, तशीच पुढं बोलत राहिली.

मी थांबले होते. तिचं बोलणं झाल्यावर म्हटलं, "लेकी, मला माफ कर. मी तुझ्यासाठी घाबरले, आणि तुला विचारलं नाही."

तिनं हात वर केला. काही बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि शब्द अडला.

रजतनं माउसवरचा हात काढला. महेंद्र दाराला टेकला. बाहेर एक ऑटोवाला 'लालबर्रा, लालबर्रा' ओरडत होता. मी तिच्याकडे पाहत राहिले. आतून जीभ वळवळत होती, खोटं कशाला बोलू, पण मी दात घट्ट मिटून ठेवले. किती सेकंद झाले, कोणी मोजले नाहीत.

"चहा पाजा," ती म्हणाली. "माफी फुकटात नाही भेटत."

"आन समोसे," महेंद्र म्हणाला. "सकाळी हिनं घाईत नाश्ता बी करू देला नाही."

रजत उठून बाजूच्या हॉटेलात ओरडून आला. समोसे येईपर्यंत आम्ही मामाजींचा नाच पंधरापट चालीत तीनदा पाहिला.